‘काळा’ शब्दाचं एक कार्ड

माझी मुलगी दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मला फोन करते. जेवणाचं कसं चाललंय, गोळ्या घेतल्या का, गुडघा काय म्हणतो, विजेचं बिल भरलं का. चार मिनिटं, फार तर पाच. मग "बरं, ठेवते" म्हणते आणि ठेवते. इतकी नियमित मुलगी नशिबानं मिळते, असं शेजारच्या बाई म्हणतात आणि मी मान डोलावतो. त्यांना काय सांगणार? अकरा वर्षांत ती माझ्याशी असं एकही वाक्य बोललेली नाही, जे लक्षात राहावं. आणि हे आपोआप घडलेलं नाही. तोंडातून बाहेर पडण्याआधी ती वाक्य उलटसुलट करून बघते, त्यात काही माल उरलेला नाही याची खात्री करून घेते आणि मगच ते माझ्या हातावर ठेवते. ती राहते ते घर कसं आहे, खिडकीतून काय दिसतं, घरी कुणी येतं-जातं का, मला काही ठाऊक नाही. विचारलं तर "सगळं ठीक आहे" एवढंच उत्तर येतं.

मी शब्दकोशाच्या कचेरीतला माणूस. एकेचाळीस वर्षं तिथे काढली. निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि चौथ्या दिवशी मी पुन्हा माझ्या खुर्चीत हजर. संपादकबाईंनी ठेवून घेतलं. बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला ‘काका’ म्हणतात आणि माझ्या चुका लाल पेन्सिलीनं दाखवतात. मी तक्रार करत नाही. घरी बसून काय केलं असतं? भिंतींशी बोलत बसलो असतो, आणि भिंती उलट बोलत नाहीत, म्हणजे टिपायलाही काही नाही.

टिपणं हाच आमचा धंदा. आमच्याकडे शब्दाचा अर्थ कुणी डोक्यातून काढत नाही, आधी पुरावा लागतो. तळहाताएवढं कार्ड, वर शब्द, मधे तो शब्द असलेलं वाक्य, खाली ते कुठून आलं ते. छापलेलं असेल तर पुस्तक आणि पान. कानावर पडलेलं असेल तर कोपऱ्यात ‘ऐकीव’ असं लिहायचं आणि त्याखाली बोलणाऱ्याचं नातं किंवा धंदा, वय, ठिकाण, तारीख. नाव लिहायचं नाही. आणि सगळ्यात वरचा नियम असा, की वाक्य ऐकल्या ऐकल्या, तिथल्या तिथे टिपायचं. घरी जाऊन आठवून लिहिलेलं वाक्य बाद. माणसाची आठवण फार शहाणी असते, ती दुसऱ्याचं बोलणं परस्पर सुधारून ठेवते. म्हणून आमच्या पहिल्या संपादकांनी हा दंडक घातला, आणि आम्ही सगळे शर्टाच्या खिशात कोरी कार्डं आणि पेन्सिलीचं थोटूक घेऊन जन्मभर हिंडलो. लग्नांत, दवाखान्यांत, रांगांत, मयतीलासुद्धा. मयतीत माणसं फार चांगलं बोलतात, पण टिपणाऱ्यावर रागावतातही फार.

बायकोनं हे सगळं हसत सोसलं. ऐन भांडणात ती मधेच थांबायची आणि म्हणायची, "घ्या, एवढं लिहून घ्या आधी, नाहीतर मागाहून पुन्हा बोलायला लावाल." मी लिहून घ्यायचो. मग ती भांडण जिथे सोडलं होतं तिथून पुढे न्यायची.

मागच्या महिन्यात माझ्या वाट्याला ‘काळा’ आला. ‘क’चा खंड नव्यानं निघतोय. जुन्या खंडात ‘काळा’ची नोंद जेमतेम अर्ध्या रकान्याची होती, आणि खणात कार्डं होती सहाशे चौदा. बाई म्हणाल्या, "तीन आठवडे घ्या, काका, पण एका पानाच्या वर जाऊ नका. तुम्हाला सुटत नाही मग."

रंगाच्या शब्दाला सोपं समजू नये. काळा म्हणजे कोळशाचा रंग, असं लिहून हात झटकायला काय लागतं? पण लोक कोळशापाशी थांबतात कुठे! बाजार काळा होतो, पैसा काळा होतो. यादी काळी होते आणि तिच्यात नाव गेलं की माणूस कामातून गेलाच. दूध न घातलेला चहा काळा. कुणाच्या व्यवहारात काळंबेरं निघतं, कुणी तोंड काळं करून निघून जातो, आणि कुणी एकदा बोलला की ती काळ्या दगडावरची रेघ. ज्याला लिहिण्याची सवय नाही त्याच्याबद्दल म्हणतात, गड्यानं कधी पांढऱ्यावर काळं केलं नाही. मी आयुष्यात दुसरं काहीच केलं नाही. त्यात माझ्या डोक्यावरच्या काळ्याचं पांढरं झालं.

मग त्याच्यामागे लागणारी शेपटं. केस काळेभोर, डोळे काळेभोर. खोल पाणी काळंशार. ढग काळेकुट्ट. पॉलिश केलेला बूट काळाकुळकुळीत. माणूस मात्र काळाकभिन्न. कार्डं लावता लावता माझ्या ध्यानात आलं की काळ्या रंगावरचं लोकांचं प्रेम केस आणि डोळे इथवरच आहे. डोक्यावर काळं हवं, पापण्यांत काळं हवं, बाकी सगळी जागा गोरी हवी. सहाशे चौदा कार्डांत काळीभोर मुलगी एकही सापडली नाही. काळ्या मुलीला लोक सावळी म्हणतात, म्हणजे तोंडावर खोटं बोलतात. नाहीतर काळी म्हणतात आणि घाईघाईनं ‘पण नाकीडोळी नीटस’ असं पुढे चिकटवतात. त्या ‘पण’चा मला इतका संताप येतो की विचारू नका. आणि संताप करायचा मला काडीचाही अधिकार नाही, हेही खरं आहे.

खणाच्या मध्यावर बायको भेटली. ‘ऐकीव. पत्नी, ४४. स्वयंपाकघर.’ आणि वाक्य, ‘तुमच्या या कार्डांपायी आपल्याकडे काळं कुत्रंही फिरकत नाही.’ तो दिवस मला आठवतो. चार माणसं जेवायला यायची होती आणि चौघांनी ऐन वेळी निरोप पाठवला होता. तिनं चौघांसाठी रांधलेलं होतं. मी वाक्य लिहून घेतलं आणि वर तिला विचारलं, कुत्रं म्हणालीस की कुत्रा? ती हसली होती. आता खरोखरच कुणी फिरकत नाही, आणि ते मला ऐकवायला ती नाही. तिला जाऊन बारा वर्षं झाली.

तिच्या कार्डानंतर दोन कार्डं सोडून मुलीचं होतं. ते तिथे असणार हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर अकरा वर्षं मी त्या खणाला हात लावला नव्हता. शेजारच्या खणातला ‘काळजी’ हा शब्द हवा असला तरी दुसऱ्या कुणाला तरी काढून आणायला सांगायचो.

बायको गेल्याला वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. घरात आम्ही दोघंच. मुलगी पूल बांधणाऱ्यांच्या कचेरीत नकाशे काढायची. तिथल्याच एकाशी तिचं जमलं होतं. मुलगा बरा होता, हसरा. एका दुपारी चार वाजता तो आईला घेऊन आमच्याकडे चहाला आला. खिडक्या उघड्या, पडदे बाजूला, खोलीत लख्ख उजेड. मुलगी ट्रे घेऊन आतून आली. त्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "दिवा लावा ना जरा, काही दिसतच नाहीये."

मी उठलो आणि दिवा लावला.

खरंच लावला. मला वाटलं, बाईंच्या डोळ्यांना त्रास असेल. माणसं शब्द कसे वापरतात हे शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला हे कळलं नाही. कळलं ते मुलीचा चेहरा बघून, आणि तोवर बटण दाबून झालेलं होतं. तो हसरा मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. मुलीनं चौघांना चहा दिला, साखर विचारली, आणि शेवटपर्यंत तशीच ताठ बसून राहिली.

पुढच्या दहा-बारा दिवसांत तो मुलगा तिच्या वाऱ्यालाही उभा राहिनासा झाला. ती त्याबद्दल माझ्याशी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मग एका संध्याकाळी कामावरून आली, पर्स खांद्यावर तशीच, आणि माझ्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. लहानपणी बसायची तशी. रडत नव्हती. म्हणाली, "एकटी असते ना बाबा, तेव्हा मी काळी नसते. कुणी आलं की होते."

ऐकलं आणि माझा हात खिशाकडे गेला. मी त्याला पाठवला नाही, तो गेला. असं वाक्य मिळायला आमच्या धंद्यात दहा-दहा वर्षं जातात. मुलगी काळी ‘होते’, आणि तीही दुसरं कुणी आल्यावर! जुन्या कोशात असल्या वापराचा मागमूस नव्हता. मी कार्ड मांडीवर घेतलं, वाक्य लिहिलं, कोपऱ्यात ‘ऐकीव’ लिहिलं, खालचे तपशील भरले. मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. महिन्याभरानं घर सोडून गेली. दोन दिवसांच्या प्रवासावर तिला नोकरी लागली होती, तिथेही पुलांचेच नकाशे. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार? पोरीनं काळजाचं सांगितलं आणि बापानं ते नमुना म्हणून टिपून घेतलं. मी कार्ड लिहिलं म्हणून ती गेली, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. एकदा फोनवर माफी मागायचा प्रयत्न केला, तर "जाऊ द्या हो, बाबा" म्हणाली. तेव्हापासून रविवारचे फोन. मी तिची वाट बघतो, हे सांगायला लाज कशाची? शनिवारपासूनच बघतो. फोन येतो, गोळ्यांची चौकशी होते आणि मी पुढच्या रविवारच्या वाटेला लागतो.

तर ते कार्ड मी नोंदीच्या गठ्ठ्यात लावलं नाही. खणाच्या तळाशी उलटं सरकवून ठेवलं. एकेचाळीस वर्षांतली माझी पहिली लबाडी. पण लबाडीलाही सराव लागतो. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलापाशी आल्या.

"काका, खणाच्या चिठ्ठीवर सहाशे चौदा आहेत. तुम्ही जोडलीत सहाशे तेरा."

"मोजण्यात चूक झाली असेल."

"दोनदा मोजली." त्यांच्या हातात ते कार्ड होतं. "आणि हे तळाशी होतं. काका, हे तर सगळ्यात चांगलं कार्ड आहे. कातडीच्या रंगाबद्दल आपल्याकडे सगळी वाक्यं बोलणाऱ्यांची आहेत. जिला बोललं जातं तिचं हे एकच."

त्यांनी कार्डाचा खालचा भाग वाचला, हस्ताक्षर बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"तुमची मुलगी?"

"हो."

"विचारलं आहे तिला?"

हे विचारणं आमच्याकडे आता सक्तीचं आहे, त्याचं श्रेय एका भाजीवाल्याला. मागच्या खंडात त्याची एक सणसणीत शिवी आम्ही जशीच्या तशी छापली होती, ‘भाजीविक्रेता, ५०’ असा खुलासा करून. कुणीतरी त्याला दाखवली. तो खंड काखोटीला मारून तीन जिने चढून आला आणि म्हणाला, एक तर माझी शिवी काढा, नाहीतर खाली माझं नाव घाला. तेव्हापासून घरातल्या आणि ओळखीच्या माणसांची ऐकीव वाक्यं छापायची तर बोलणाऱ्याची संमती घ्यायची आणि कार्डाच्या पाठीवर तारखेनिशी तसं लिहायचं.

"नाही विचारलं," मी म्हणालो. "आणि विचारणारही नाही. काढून टाका ते."

बाई सहसा आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "नाही म्हणायचं तर तिनं म्हणू दे ना, काका. तिच्या वतीनं तुम्ही कशाला म्हणताय? शुक्रवारी पान लावायचं आहे." आणि कार्ड माझ्यासमोर ठेवून गेल्या.

कार्ड कचेरीबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. मी ते शर्टाच्या खिशात घालून घरी आणलं. त्या संध्याकाळी मी एकच शहाणपणाचा विचार केला, तो असा, की तिला सरळ म्हणायचं, तू नाही म्हण. ती नाही म्हणेल, मी बाईंना तसं कळवीन, विषय मिटेल. पण खरं सांगायचं तर पोटात दुसरंच काहीतरी होतं. बुधवार होता. रविवारखेरीज तिचा आवाज ऐकायला मला एक कारण मिळालं होतं. सात वाजता, ती कामावरून आली असेल असा अंदाज करून, मी फोन लावला.

पहिल्याच घंटेला उचलला. "काय झालं? पडलात का?"

"नाही गं, नाही. बरा आहे मी."

"मग? आज बुधवार आहे."

"कामाचं होतं जरा."

"कोणाच्या कामाचं?"

"कोशाच्या."

"बोला."

मी घडाघडा बोलून टाकलं. तुझं एक वाक्य आमच्याकडे आहे, अकरा वर्षांपूर्वीचं, बाईंना ते छापायचंय, तुझी संमती लागते, तू नाही म्हण, मी तसं लिहितो, एवढंच.

"कुठलं वाक्य?"

मला वाटलं, ही मला शिक्षा करतेय. "तुला माहीत आहे ते."

"नाही माहीत. वाचा ना."

मी कार्ड काढलं, चष्मा लावला आणि वाचलं. एकटी असते ना बाबा, तेव्हा मी काळी नसते. कुणी आलं की होते.

"असं म्हणाले होते मी?"

"शब्दन् शब्द. ऐकल्या ऐकल्या टिपलेलं आहे." बघा, त्याही क्षणी मला तेवढं सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

"चांगलं आहे की," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आता नाही मी तशी. म्हणजे कुणी आलं तरी नाही होत."

"खरंच आठवत नाही तुला?"

"हे नाही आठवत. बाबा, त्याच्यापुढचं आहे का तुमच्याकडे?"

"कशाच्या पुढचं?"

"या वाक्याच्या. त्यानंतर मी बोलले ते."

मी कार्ड उलटून बघितलं. पाठ कोरी होती. "त्यानंतर तू काही बोलली नाहीस. ‘झालं?’ म्हणालीस फक्त."

"त्याच्या आधी."

"आधी काही नाही."

"बाबा." ती हे अगदी हळू म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं. या नोकरीचं पत्र आलं होतं तेव्हा. पंधरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते. त्या दिवशी ते सांगायलाच बसले होते तुमच्यापाशी. म्हणाले, लांबची नोकरी आहे, जाऊ का? तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

"मग?"

"तुम्ही हं म्हणालात."

"हं?"

"हं. मान खाली घालून."

मी कार्डाकडे बघितलं. वाक्याखाली, मुलगी या शब्दापुढे २८ लिहून खोडलं होतं आणि शेजारी २७ केलं होतं. तिचा वाढदिवस पुढच्याच महिन्यात होता, म्हणून माझा घोळ झाला असणार. पोरगी विचारत होती, जाऊ का, आणि बाप तिचं वय नक्की करत होता. मी तिला तेच सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही. "मी तुझं वय आठवत होतो गं तेव्हा. मला ऐकूच आलं नाही. मला वाटत आलं, तू कार्डामुळे गेलीस."

"कार्डामुळे?" ती थोडी हसलीही असेल. "अहो, बोलायला लागल्यापासून मी तुमच्या कार्डांवर आहे. आईसुद्धा होती. कार्डाचं काय एवढं? मी विचारलं, आणि तुम्ही जा म्हणालात. बस."

"मग माझ्याशी अशी मोजून-मापून का बोलतेस?"

"जा म्हणणाऱ्या माणसाशी आणखी काय बोलायचं, बाबा?"

खोलीत अंधार झाला होता. मी उठून दिवा लावला नाही. ती बोलत होती आणि अकरा वर्षांत प्रथमच माझ्यासाठी वाक्यं पारखून घेत नव्हती. "त्यानंतर महिनाभर थांबले मी. आईची जुनी बॅग माळ्यावरून खाली काढली, तुम्हाला दिसेल अशी दारात ठेवली. वाटलं, बघाल, काहीतरी म्हणाल. दोन दिवसांनी परत वर टाकली. पुन्हा काढली. तर तुम्ही नवी बॅग घेऊन आलात. चाकांची."

ती बॅग मी तीन दुकानं हिंडून आणली होती. जुन्या बॅगेचा बंद तुटलाय, पोरीला त्रास नको, असं माझ्या मनात होतं. ते आता सांगण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून मी सांगितलं नाही.

"घाला ते वाक्य," ती म्हणाली. "माझी संमती आहे. तारीख टाका, मी थांबते."

"नंतर लिहीन."

"नंतर? तुम्ही?"

"नंतर लिहीन म्हटलं ना."

मग तिनं विचारलं, आणि लहान असताना दारामागून विचारायची तशा आवाजात विचारलं, "ऐकलं असतंत तर काय म्हणाला असतात?"

शब्दांचे नऊ-नऊ, दहा-दहा अर्थ वेगळे काढून दाखवणारा मी. पण उत्तर इतकं साधं होतं की त्याला एका क्षणाचाही विचार लागला नाही.

"नको जाऊस," मी म्हणालो. "नको ना जाऊस, बाळा. मी एकटा पडेन."

तिकडे तिचा श्वास ऐकू येत होता. कुठेतरी नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"बाबा," ती म्हणाली, "मी केव्हाच पोचले हो."

"हो," मी म्हणालो. "ते आहेच."

तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मग तिच्याकडे दार वाजलं, कुणीतरी पिशव्या खाली ठेवल्या आणि तिला काहीतरी विचारलं. तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. कुणाचा, तेही मला माहीत नाही. मला वाटलं, आता ती "बरं, ठेवते" म्हणणार. पण तिनं तोंड थोडं बाजूला केलं आणि त्या माणसाला म्हणाली, "थांब जरा. बाबांशी बोलतेय."